पानाच्या तळाशी राहिलेली ओळ

यादी लांबली आणि दुसऱ्या पानावर गेली, की त्या पानाच्या डोक्यावर आधीचा मथळा पुन्हा लिहायचा असतो. हे मला कुणी सांगितलं नव्हतं असं नाही. सांगितलं होतं. मी मुद्दाम गाळला. का, तर दिसायला वाईट दिसतो म्हणून. तेव्हा मी चोवीस वर्षांची होते, कडक इस्त्रीच्या साड्या नेसायचे, आणि सबंध सोलापुरात कोबॉल, म्हणजे मशीनला कळणारी भाषा, येणारी बाई आपण एकटीच अशी माझी खात्री होती. खात्री बहुतेक खरीही असेल. पण गावात उंट एकच असला म्हणून काही तो घोड्याच्या भावानं विकला जात नाही.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. मोठ्या दुष्काळाला पाच-सहा वर्षं होऊन गेली होती, तरी शहरात त्या वर्षी आलेली माणसं अजून 'दुष्काळातली' म्हणूनच ओळखली जायची. मी एका गिरणीत प्रोग्रॅमर होते. गिरणीकडे कॉम्प्युटर नव्हता. हे ऐकलं की माझी नात हसून लोळते. "मग आजी, तू प्रोग्रॅमर कशाची होतीस? हवेची?"

हवेचीच म्हण. मी चौकटी आखलेल्या लांबलचक कागदावर पेन्सिलीनं प्रोग्रॅम लिहायचे, एका चौकटीत एक अक्षर. दोन मुली तो मशीनवर कार्डांना भोकं पाडून उतरवायच्या. कार्डांचे खोके सुतळीनं बांधून रेल्वेनं पुण्याला जायचे. तिथं एका कंपनीचा कॉम्प्युटर तासांवर भाड्यानं मिळायचा. तिथून जे छापून निघेल ते पुन्हा रेल्वेनं सोलापूरला. एक टिंब चुकलं तर सगळा प्रवास पहिल्यापासून. कामगार मला 'मशीनबाई' म्हणायचे. मला ते नाव आवडायचं, हे आज सांगायला लाज वाटते.

छापील कागद मात्र खरोखर देखणा असायचा. पानाला पान जोडलेला, घडीघडीचा, दोन्ही कडांना भोकांची किनार. लांबच लांब साडीसारखा उलगडत जायचा. आणि मला त्याच्यावर याद्या छापायचं वेड होतं. साध्या नव्हे, यादीत यादी. खात्याखाली पाळी, पाळीखाली कायम की हंगामी असा शेरा, शेऱ्याखाली माणसं. मशीनला त्यातलं काही कळत नाही. त्याच्या पोटात सगळं एका रांगेत असतं. माणसाला वाचता यावं म्हणून प्रत्येक पायरीला डाव्या बाजूनं थोडी मोकळी जागा सोडायची, म्हणजे कोण कुणाच्या पोटात आहे ते नजरेला कळतं. मथळा एकदाच, आणि त्याच्याखाली थोडं आत सरकून त्याची पिलावळ. ही मोकळी जागा किती सोडायची हे प्रोग्रॅममध्ये मोजून सांगावं लागायचं.

पहिल्या खेपेला मी ऐटीत दहा-दहा घरं, म्हणजे दहा अक्षरांची जागा, सोडली. नावापर्यंत येता येता कागदाची उजवी कड आली आणि निम्म्या लोकांची आडनावं कापली गेली. आमच्या गिरणीत तेलुगू विणकरांची घरं पुष्कळ, त्यांची नावं भरघोस. सगळी बिचारी मध्येच तुटलेली. आमच्या साहेबांनी कागद हातात धरला, मान वाकडी करून वरून खाली बघितलं आणि म्हणाले, "बाई, ही यादी आहे का जिना? खाली पोचेपर्यंत माणसं पडली की हो."

दहाची मी चार घरं केली. मग मात्र यादी अशी सुबक आली की मी ती घरी नेऊन आरशाशेजारी लावली. आरशात बघायचं आणि यादीकडे बघायचं. दोन्हींत आपलंच कौतुक.

आमच्या कचेरीत एक म्हातारे कारकून होते, सगळे त्यांना अण्णा म्हणत. इतकी वर्षं या याद्या टंकयंत्रावर तेच करायचे. त्यांच्या प्रत्येक पानाच्या माथ्यावर तेच ते: खातं अमुक, पाळी अमुक, शेरा अमुक, मागील पानावरून पुढे चालू. मी त्यांना विचारलं, "अण्णा, हे पुन्हा पुन्हा कशाला? एकदा सांगितलं ना वर?"

"असतं तसं," अण्णा म्हणाले.

"पण का?"

"का म्हणजे? माझ्या आधीचे लिहायचे, मी लिहितो. तुम्हीही लिहा."

झालं. कारण नाही तर नियम कशाला, असा त्या वेळी माझा बाणा. शिवाय प्रोग्रॅममध्ये ते करायचं म्हणजे कटकट होती. पान भरलं का ते बघा, आपण आता कुठल्या पायरीवर आहोत ते आठवा, वरच्या सगळ्या पायऱ्या परत छापा, मग पुढे चला. मी ते केलं नाही. पान भरलं की मशीननं गुपचूप पुढच्या पानावर जायचं आणि यादी तशीच चालू ठेवायची. कागद तर अखंडच आहे, म्हटलं. नदी काय पुलाखालून गेली की दर वेळी आपलं नाव सांगते?

असली वाक्यं सुचायची मला तेव्हा. आता आठवलं की अंगावर पाल पडल्यासारखं होतं.

मी ज्या चाळीत भाड्यानं राहायचे तिथं माझ्या शेजारच्या खोलीत आक्का राहायची. दुष्काळात मंगळवेढ्यापुढच्या एका वाडीतून आलेली, धनगराची. मेंढरं चाऱ्यावाचून गेली, त्यामागं नवराही तापानं गेला, आणि ही पोरीला घेऊन सोलापूरला आली ती आमच्याच गिरणीत वाइंडिंग खात्यात लागली. सुताच्या कांड्या भरायचं काम. संध्याकाळी घरी यायची तेव्हा केसांत, भुवयांत कापसाचे तंतू, जणू एका दिवसात म्हातारी झालेली. तोंड धुतलं की परत तरुण.

तिची मुलगी त्या वर्षी मॅट्रिकला होती. माझ्या खोलीत दिवा चांगला, म्हणून ती अभ्यासाला माझ्याकडे यायची. गणितात हुशार. इंग्रजीला भ्यायची, पण मी पाठीला लागून तिला वाचायला लावलं. तिनं सोडवलेली बीजगणिताची उदाहरणं मी तपासायचे, म्हणजे तपासते म्हणायचे. वही माझ्याकडेच पडून असायची. तिला नर्सिंगला जायचं होतं. आक्काचीही तीच इच्छा होती. आड होते ते गावाकडचे, पण त्यांना वाईट म्हणता येणार नाही. आक्काचा दीर दर दोन महिन्यांनी ज्वारीचं पोतं घेऊन यायचा. त्याच्या बायकोच्या भाच्याचं स्थळ त्यानं पोरीसाठी धरून ठेवलं होतं. आक्का त्याला परतवत राहिली होती. ते बोलणं मी दाराआडून ऐकलेलं आहे.

"वैनी, पोरगी थोर झाली. किती दिस बसवायची?"

"भावजी, मला गिरणीत कायम होऊ द्या. मग मी तिला शिकवीन, माझ्या जिवावर. तुमाला तरास न्हाई."

"आन न्हाई झालीस तर?"

"न्हाई झाले तर तुमी म्हनाल तसं."

"मग यादी लागंस्तवर थांबतो. त्याफुडं न्हाई हं. लोक थांबत न्हाईत."

थांबला तो. शब्दाचा पक्का माणूस.

गिरणीत वाइंडिंगची नवी यंत्रं यायची होती. निम्म्या बायकांत काम होणार होतं. कुणाला कायम करायचं आणि कुणाला कमी, ते वरच्यांनी ठरवलं, आणि छापायचं काम माझ्याकडे आलं. शेऱ्याची माहिती साहेबांनी शेवटच्या दिवशी बंद पाकिटात दिली आणि बजावलं, "पुण्यात जाऊनच कार्डं करून घ्या. इथं कुणाला वास लागायला नको." यादी संक्रांतीतल्या गड्ड्याच्या जत्रेआधी गिरणीच्या फाटकाशी लागायची होती.

मी निघायच्या आदल्या संध्याकाळी आक्का दारात येऊन उभी राहिली. "बाई, यादी कवा लागंल?"

"चार दिवसांत. काळजी करू नका, मी स्वतः वाचून दाखवीन."

"लागली आन तुमी हितं नसला तर?"

"तर ही आहे की!" मी तिच्या पोरीच्या पाठीवर थाप मारली. "ये गं इकडे. तुला यादी वाचायची युक्ती सांगते."

आरशाजवळची यादी काढून मी तिच्यापुढे ठेवली. यादी इंग्रजी छापाची, सगळी मोठी अक्षरं. मशीनला मराठी कुठलं यायला! पण मी म्हटलं, इंग्रजी पुरं येत नसलं तरी बिघडत नाही, जागा बघायची. आईचा बिल्ल्याचा नंबर शोध. त्या ओळीवर बोट ठेव. आता बोट सरळ वर नेत जा. जी पहिली ओळ याच्यापेक्षा डावीकडे सुरू होत असेल तिथं थांब. तो आईचा शेरा. तिथं लांबलचक शब्द असेल आणि पहिलं अक्षर डी असेल तर कमी. पी असेल तर पर्मनंट, म्हणजे कायम. संपलं.

तिनं दोन-तीन नावांवर करून दाखवलं. एकदाही चुकली नाही. आक्का कौतुकानं बघत होती. म्हणाली, "आमच्या मेंढरात बी अशीच वळख असती. पर मेंढरू हलतंय, ह्ये हलत न्हाई. बरं हाय."

पुण्यात सगळं सुरळीत झालं. प्रिंटरच्या खडखडाटातून कागद बाहेर यायला लागला आणि मी वाइंडिंग खातं, पहिली पाळी शोधून काढली. आधी 'डिस्कंटिन्यूड' आणि त्याखालची नावं. डी आधी, पी नंतर, मशीन आपलं अक्षरानं लावतं. त्या पानाच्या अगदी तळाशी, शेवटच्या ओळीवर, 'पर्मनंट'. पुढच्या पानाच्या सुरुवातीलाच चौथं-पाचवं नाव आक्काचं.

मी त्या मशीनच्या खोलीत उडी मारली. खरंच मारली. तिथला ऑपरेटर दचकून म्हणाला, "झुरळ आहे का?"

आणि मग मी काय केलं? बातमी घेऊन धावत सुटले? छे. कागद गुंडाळून आमच्या शिपायाच्या हाती दिला, त्याला गाडीत बसवून दिलं आणि स्वतः पुण्यात मावशीकडे राहिले. दोन दिवस. सिनेमा बघितला, भेळ खाल्ली, लक्ष्मी रोडवर हिंडून एक साडी आणि चपला घेतल्या. आनंदाची बातमी आहे, म्हटलं, तिला माझी काय गरज? वाईट असती तर गेले असते हो. हे मी त्या वेळीही मनाशी म्हटलं होतं आणि आजही म्हणते. पण वाईट बातमी असती तर मी आणखीच रेंगाळले असते, हेही मला आता ठाऊक आहे.

सोलापूरला परत आले ती सकाळच्या गाडीनं. फाटकाशी बायकांचा घोळका, मध्ये युनियनची दोन माणसं, आणि साहेब घामाघूम. मला बघताच म्हणाले, "या, मशीनबाई. तुमच्या यादीनं कायम झालेल्यांना कमी केलं."

"शक्य नाही. मी स्वतः बघितलीय."

"मी पण बघितलीय. या, बघा."

फाटकाचा फळा रुंद पण बुटका. माझा अखंड, देखणा, नदीसारखा कागद त्याच्यावर मावणार कसा? पहारेकऱ्यानं दोन पानांमधल्या भोकांच्या रेषेवर पानं सुटी केली. सुताला लावायची खळ खात्यातून वाटीभर आणली आणि पानं चिकटवली. तीही एकाखाली एक, प्रत्येक पान आधीच्या पानाच्या तळावर दोन बोटं चढवून, म्हणजे जागा पुरावी. त्या दोन बोटांखाली शेवटची ओळ गेली. 'पर्मनंट' खळीखाली. वर उरला 'डिस्कंटिन्यूड', आणि त्याखाली सलग, चार घरं आत सरकून, पहिल्या पाळीच्या सगळ्या कायम झालेल्या बायका.

"मी काय केलं?" पहारेकरी म्हणाला. "कागद लांब, फळा आखूड. अण्णांच्या याद्या बी मी असाच लावत होतो की. कवा बोंब झाली न्हाई."

अण्णा मागे उभे होते. माझ्याकडे बघून त्यांनी जिंकल्यासारखं तोंड केलं असतं तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि आत निघून गेले. त्यांच्या याद्यांत पानाचा तळ झाकला तरी काही बिघडायचं नाही. प्रत्येक पान आपलं कूळ डोक्यावर घेऊन यायचं. आपण ते का लिहीत होतो, ते अण्णांनाही बहुधा त्या सकाळीच कळलं.

पानं उखडली, नीट लावली. बायका हसत-रडत एकमेकींच्या गळ्यात पडल्या. मी आक्काला शोधत होते. एक बाई म्हणाली, "आक्का? ती गेली की परवा गावाकडं. यादी लागली त्याच दिशी. पोरीला घिऊन."

चाळीत आले तर तिच्या दाराला कुलूप. दोन कुलपं शेजारी शेजारी, तिचं आणि माझं. समोरच्या म्हाताऱ्या विणकरीणबाईनं तेलुगू-मराठीची मिसळ करत सांगितलं, की आक्का संध्याकाळी दोनदा माझ्या दाराशी येऊन गेली. दुसऱ्यांदा कुलूप हातात धरून बराच वेळ उभी होती. खाली दीर थांबला होता, एसटीची वेळ होत होती. मग ती पोरीला म्हणाली, चल.

दुसऱ्या दिवशी मी मंगळवेढ्याची एसटी धरली. बरोबर ती दोन पानं, मूळची, फळ्यावरून मागून घेतलेली, पहारेकऱ्यानं फाडलेली, आता मीच चिकटपट्टीनं जोडलेली. मंगळवेढ्याहून दुसरी गाडी, मग पायी. दोन्ही बाजूंनी काळ्या रानात पुरुषभर ज्वारी, कणसं भरलेली, हुरड्याचे दिवस. माझ्या पायात पुण्याहून घेतलेल्या नव्या चपला होत्या आणि त्या चावत होत्या. मला वाटलं, चांगलंच आहे. एवढं तरी चावू दे.

वाडी आठ-दहा घरांची. आक्काच्या अंगणात माणसं बसलेली होती. एका बाजूला परातीत साखर. मला बघून आक्का उठली, पुढं आली, आणि माझ्या हातातल्या कागदाकडे बघून तिथंच थांबली.

"आक्का, तुम्ही कायम झालात. कागद चुकीचा चिकटवला होता. पहारेकऱ्यानं खळ लावली आणि..."

बघा, पहारेकऱ्यानं. तिथंही मी पहारेकऱ्यालाच पुढं केलं.

दिरानं मला बसायला घोंगडं टाकलं. मी कागद अंगणात पसरला, चार बाजूंना दगड ठेवले आणि बोट लावून सांगायला लागले: ही ओळ तळाशी होती, ती झाकली गेली, ही नावं खरं म्हणजे हिच्या पोटातली. माणसं वाकून बघत होती, शहाण्या मुलांसारखी. आक्काचा सासरा, थकलेला म्हातारा, काठीवर हनुवटी टेकून ऐकत होता. माझं झाल्यावर त्यानं विचारलं, "बाई, ह्यात पोरीचं नाव कुटं हाय?"

"पोरीचं नाही, आजोबा. तिच्या आईचं आहे."

"मंग पोरीचं काय ते कागदात न्हाई न्हवं?"

"नाही, पण..."

"सुनंला कायम केलं, लई चांगलं झालं. ती जाईल कामावर. पर पोरीची सुपारी काल सांजंला फुटली. साखर वाटली. पावनं जेवून गेलं. सुपारी फुटली की झालं, बाई. ती काय परत जोडत न्हाईत."

दीर जमिनीकडे बघत म्हणाला, "मी थांबलो हुतो. यादी लागंस्तवर थांबतो म्हनलं हुतं, थांबलो. वैनीला इचारा."

आक्कानं मान हलवली. त्याचं काही चुकलं नव्हतं. आक्काचंही नाही. तिनं 'न्हाई झाले तर तुमी म्हनाल तसं' असा शब्द दिला होता, आणि कागदानं सांगितलं होतं की नाही झाली. शब्दाच्या वेळी कागद खरा होता की खोटा, हे वाडीत कुणी धरत नाही. मोडलेल्या सुपारीची पोरगी परत कोण करणार, हेही होतं. आक्कानं ते बोलून दाखवलं नाही, पण तिच्या डोळ्यांत मी ते वाचलं. तेवढं मात्र मला बरोबर वाचता आलं.

पोरगी आतून चहा घेऊन आली. कपाळावर मळवट, डोक्यावरून पदर. ती माझ्याकडे अभ्यासाला परकर-पोलक्यात यायची. त्या साडीत मी तिला पटकन ओळखलंच नाही. बशी माझ्या हातात देताना ती हळू आवाजात म्हणाली, "ताई, यादी मीच वाचली. तुमी सांगितलं तसंच. आईच्या नंबरावर बोट ठिवलं, सरळ वर नेलं, डाव्या हाताची पहिली ओळ बघितली. पहिलं अक्षर डी हुतं. चुकलं का माझं कुटं?"

"नाही," मी म्हटलं. "तू बरोबर वाचलंस."

"आन माझी गणितं? शेवटची चार दिली हुती तुमाला."

"ती पण बरोबर होती."

खोटं. मी ती बघितलीच नव्हती.

परतीच्या एसटीत माझ्या ओटीत त्यांनी दिलेला कोवळा हुरडा होता. फडक्यातून ऊब येत होती. मला तो खाता आला नाही, टाकताही आला नाही.

मी प्रोग्रॅम दुरुस्त केला. तीन दिवस लागले, आणि आधी ज्याला मी कटकट म्हणत होते ती एवढीच निघाली. पानाच्या तळाशी मथळा एकटा राहत असेल तर त्याला पुढच्या पानावर घ्यायचं, आणि प्रत्येक पानाच्या माथ्यावर सगळ्या पायऱ्या पुन्हा सांगायच्या. साहेब म्हणाले, कागद जास्त लागतोय. मी म्हटलं, लागू द्या. त्यानंतर कुठल्याही नोकरीत, कुठल्याही मशीनवर, मी ती ओळ कधी गाळली नाही. घरातली वाणसामानाची यादीही दुसऱ्या पानावर गेली की मी वर लिहिते: किराणा, पुढे चालू. घरात सगळे हसतात. नात म्हणते, आता असं काही करावं लागत नाही, एक शब्द लिहिला की मशीन आपोआप पायऱ्या पाडतं. मी तिला विचारते, "आणि कुणी पान फाडलं तर?" ती म्हणते, "आजी, आता पानच नसतं." असेल बाई.

लग्न वैशाखात झालं. मला बोलावणं होतं, मी गेले नाही; तापाचं निमित्त केलं. मॅट्रिकची परीक्षा मधल्यामध्ये होऊन गेली होती. आक्का एकटीच परतली. पहिल्या पाळीला जायची, भोंगा झाला की माझ्या दारावरून, पायांचा आवाज न करता. तिचा बिल्ला आता पितळेचा होता, कायमवाल्यांचा. ती मला पूर्वीसारखीच हाक मारायची, भाजी केली की वाटीभर आणून द्यायची. तिनं एकदा तरी शिवी द्यावी म्हणून मी वाट बघत होते. ती देत नव्हती.

शेवटी पावसाळ्याच्या तोंडावर एका सुट्टीच्या दुपारी मी तिच्या उंबऱ्यात जाऊन बसले. ती सुपात ज्वारी निवडत होती. मी तिला खरं ते सगळं सांगितलं. पहारेकऱ्याची चूक नव्हती. पानाच्या माथ्यावर एक ओळ असायला हवी होती, अण्णांनी सांगितली होती, आणि ती मी, दिसायला वाईट दिसते म्हणून, काढली. त्या दिवशी मला आधीच ठाऊक होतं तुम्ही कायम झालात ते, आणि मी पुण्यात सिनेमा बघत होते.

आक्काची बोटं थांबली नाहीत. खडा दिसला की ती तो उचलून उंबऱ्याबाहेर टाकायची. मला वाटलं, ऐकलं नाही. मी परत सुरुवात करणार तेवढ्यात तिनं सूप खाली ठेवलं, हात पदराला पुसले आणि माझ्याकडे बघून म्हणाली,

"ते ऱ्हाऊ द्या आता, बाई. पोरीची गणिताची वही तुमच्याकडं हाय न्हवं? तेवढी द्या. तिच्या दिराचं पोरगं साळंत जातंय. कोरी पानं लई हायत म्हणं तिच्यात."